वूडस्टॉकची गाणी त्यांच्या मूळ वेळेला: एका श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

आमच्या श्रवणगटाने यंदाच्या प्रकल्पासाठी १९६९ सालचा वूडस्टॉक संगीत महोत्सव निवडला असून आज त्याची रूपरेषा निश्चित झाली. १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बेथेल येथील मॅक्स यासगर यांच्या दुग्धशाळेच्या कुरणावर जी गाणी झाली, त्यांपैकी निवडक गाणी ज्या वारी आणि ज्या वेळी झाली त्याच वारी आणि त्याच वेळी ऐकवायची, आणि ऐकणाऱ्यांना महोत्सवाचे काय आठवते ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. यंदा १५ ऑगस्ट शुक्रवारीच येत असल्यामुळे १९६९ चे वार जसेच्या तसे जुळतात. हा योग दवडू नये असे सर्वांचे मत पडले.

‘काय आठवते’ असे मी मुद्दाम म्हणतो आहे. गटातील कोणीही त्या कुरणावर नव्हते आणि निमंत्रितांपैकीही कोणी नसणार. तरीही गायक रिची हेवन्स यांचे ‘फ्रीडम’ किंवा सँटाना या वाद्यवृंदाचे ‘सोल सॅक्रिफाइस’ लावले की चिखल, पाऊस, अफाट गर्दी असे काहीतरी मनात उभे राहते आणि ते ‘आठवले’ असेच आपण म्हणतो. ही आठवण आली कुठून, आणि गाणे मूळ वेळेला ऐकल्यावर तिच्यात काही फरक पडतो का, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे. माझा अंदाज आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर सोयीप्रमाणे त्याला मुरड घालता येणार नाही: आपण जिला महोत्सवाची आठवण म्हणतो, ती बहुतांशी महोत्सवावर १९७० साली आलेल्या चित्रपटाची आणि त्याच साली निघालेल्या तीन तबकड्यांच्या संचाची आठवण आहे.

प्रश्नावली तीन प्रश्नांची राहील. गाणे ओळखीचे वाटले का, ते पहिल्यांदा कशावर ऐकले, आणि ऐकताना डोळ्यांपुढे काय आले.

१९ मे

आज दोन याद्या समोरासमोर मांडल्या. पहिली यादी प्रत्यक्ष सादरीकरणाच्या क्रमाची आणि दुसरी मे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडी-संचाची. दोहोंत इतका फरक असेल याची कल्पना गटातील जुन्या संग्राहकांनाही नव्हती.

संचाची सुरुवात जॉन सबॅस्टियन यांच्या गाण्याने होते. सबॅस्टियन हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतेच. ते श्रोते म्हणून आले होते आणि शनिवारी ऐनवेळी त्यांना रंगमंचावर उभे करण्यात आले. त्यानंतर येतो ‘कॅन्ड हीट’ हा वाद्यवृंद, ज्याचे गायन शनिवारी संध्याकाळी झाले. ज्यांनी शुक्रवारी सायंकाळी पाचच्या सुमारास महोत्सवाला प्रत्यक्ष आरंभ केला ते हेवन्स त्यांच्याही मागून येतात. पहिल्याच बाजूच्या शेवटी ‘शा ना ना’ हा वाद्यवृंद आहे, जो सोमवारी सकाळी, म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्या गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या अगदी आधी, रंगमंचावर आला होता. शुक्रवार सायंकाळ ते सोमवार सकाळ एवढा अवधी एका तबकडीच्या एका बाजूवर उलटसुलट होऊन बसला आहे, आणि जगभरातील श्रोत्यांनी महोत्सव ऐकला तो याच क्रमाने.

शिवाय संचातील दोन गाणी त्या कुरणावरची नाहीतच. आर्लो गथ्री यांचे ‘कमिंग इंटू लॉस अँजेलिस’ हे दुसऱ्या एका कार्यक्रमातील ध्वनिमुद्रण आहे, आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग यांचे ‘सी ऑफ मॅडनेस’ हे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात सप्टेंबर १९६९ मध्ये, महोत्सव संपल्यानंतर मुद्रित झालेले आहे. संकलकांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. बत्तीस कलावंतांच्या गायनवादनातून सहा बाजू भरायच्या, तर ऐकायला एकसंध वाटेल असा क्रम लावणे हे त्यांचे कामच होते. मात्र ज्याने ही दोन गाणी पन्नास वर्षे महोत्सवाची म्हणून जपली, त्याच्या आठवणीला काय म्हणावे, हा प्रश्न पुस्तिकेत मांडायचा असे ठरले. सत्रात ही दोन्ही गाणी वाजवली जाणार नाहीत.

२ जून

ध्वनिमुद्रणांची निश्चिती झाली. महोत्सवाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१९ मध्ये, अँडी झॅक्स यांच्या देखरेखीखाली निघालेला ३८ डिस्कचा संच आम्ही आधार धरला आहे. त्यात ४३२ ध्वनिमुद्रणे असून २६७ त्यापूर्वी कधीही प्रसिद्ध झालेली नव्हती. रंगमंचावरील जवळजवळ प्रत्येक सूर, घोषणेचा प्रत्येक शब्द मूळ क्रमाने त्यात आहे. हेंड्रिक्स यांच्या कार्यक्रमातील दोन गाणी त्यांच्या वारसांच्या इच्छेनुसार वगळली आहेत आणि ‘शा ना ना’चा काही भाग मुळात फितीवर आलाच नव्हता.

या संचाचा एक परिणाम असा की कलावंतांच्या स्वतःच्या आठवणीही तपासता येऊ लागल्या. इतर कलावंत वाहतुकीत अडकल्यामुळे हेवन्स यांना पुन्हा पुन्हा रंगमंचावर पाठवण्यात आले, गाणी संपली तेव्हा त्यांनी ‘मदरलेस चाइल्ड’ या जुन्या भक्तिगीताच्या आधारे तेथल्या तेथे ‘फ्रीडम’ रचले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आपण जवळजवळ तीन तास गायलो असे ते पुढे सांगत असत. फिती मात्र तासाभराच्या आसपासचे गायन दाखवतात. ज्याने गाणे घडवले त्याच्याही मनात त्या सायंकाळची लांबी तिप्पट व्हावी, हे मला आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके वाटते.

ध्वनितंत्र पाहणाऱ्या सहकाऱ्यांनी आणखी एक मुद्दा काढला. आपण फितीवर जे ऐकतो ते रंगमंचावरच्या मायक्रोफोनांनी टिपलेले आहे. बिल हॅन्ली यांनी उभारलेले लाउडस्पीकर उतारावरच्या गर्दीपर्यंत आवाज पोचवत होते हे खरे. परंतु ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे तीनशे मीटरवर बसलेल्या माणसाला ड्रमवर काठी पडताना दिसे आणि तिचा आवाज जवळजवळ एक सेकंदाने ऐकू येई. वारा, पाऊस आणि शेजाऱ्यांची बडबड वेगळीच. म्हणजे तबकडीवरचे गाणे त्या चार लाख लोकांपैकी फारच थोड्यांनी तसे ऐकले असेल. हे लक्षात आल्यावर सत्रात लाउडस्पीकर लांब ठेवून ‘कुरणाचा परिणाम’ साधावा अशी सूचना आली, ती मी नाकारली. खोटे कुरण उभे करण्यात आम्हाला रस नाही.

११ जून

आज निमंत्रितांपैकी काहींना बोलावून चाचणी श्रवण केले. दिवे मंद केले, पडद्यावर काहीही दाखवले नाही. ‘सोल सॅक्रिफाइस’ आणि जो कॉकर यांचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ अशी दोनच गाणी लावली.

एका श्रोत्याने लिहिलेले उत्तर मी येथे सविस्तर नोंदवतो, कारण संपूर्ण प्रकल्पाचा गाभा त्यात आला आहे. ‘सोल सॅक्रिफाइस’ ऐकताना त्यांना डावीकडे ड्रम वाजवणारा कोवळा मुलगा आणि उजवीकडे, त्याच वेळी, नाचणारी माणसे दिसली. दोन्ही दृश्ये शेजारी शेजारी, मध्ये उभी रेघ. मैदानात उभ्या असलेल्या कोणालाही असे दिसणे शक्य नाही. हे दृश्य मायकेल वॉडली यांच्या चित्रपटातील आहे; पडद्याचे दोन वा तीन भाग करून एकाच वेळी अनेक चित्रे दाखवण्याचे तंत्र त्यात जागोजागी वापरले आहे, आणि त्याच्या संकलनात थेल्मा स्कूनमेकर आणि तेव्हा तरुण असलेले मार्टिन स्कॉर्सेसी यांचा हात होता. गंमत अशी की याच श्रोत्याने दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात गाणे पहिल्यांदा तबकडीवर ऐकल्याचे आणि चित्रपट पाहिल्याचे न आठवल्याचे लिहिले होते. चित्रपट विसरला गेला, त्याची चौकट मात्र आठवणीत शिल्लक राहिली.

मानसशास्त्रात याला उगमाची गल्लत म्हणता येईल. मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या विवेचनाचा सारांश असा की आठवणीला तिच्या उगमाची चिठ्ठी जोडलेली नसते. ती कुठून आली हे मन नंतर तिच्या रंगरूपावरून ठरवते, आणि ठरवताना चुकते. गाण्यांच्या बाबतीत ही चूक अधिक सहज होते असे मला वाटते, कारण गाणे स्वतः दर वेळी तेच आणि तितकेच ताजे असते. चित्र जुने होते, पुसट होते; गाणे सुरू झाले की त्याच्या ताजेपणाने सोबतचे चित्रही खरे वाटू लागते.

दुसरा आधार कॅरल क्रुमहॅन्सल आणि जस्टिन झुपनिक यांच्या २०१३ मधील अभ्यासाचा घेतला आहे. कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींना त्यांनी गेल्या अनेक दशकांतील लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातील गाण्यांशी आठवणी जोडलेल्या असणे स्वाभाविक होते, पण आईवडिलांच्या तारुण्यातील गाण्यांच्या बाबतीतही त्यांच्या आठवणींचा आलेख वर चढलेला आढळला. गाणे घरातून उतरत येते आणि येताना कोणाचे तरी तारुण्य सोबत घेऊन येते. आमच्या निमंत्रितांतील तरुणांकडे वूडस्टॉक बहुधा याच वाटेने पोचले असावे.

एका सहकाऱ्याने गॉडन आणि बॅडली यांच्या १९७५ मधील पाणबुड्यांवरील प्रयोगाचा दाखला दिला: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात, तर मग मूळ वेळेला ऐकलेले गाणेही मूळ अनुभव जागा करील. हा युक्तिवाद येथे लागू होत नाही. आमच्यापैकी कोणी त्या पाण्यात उतरलेच नव्हते. वेळ जुळवण्याने अनुभव परत येणार नाही. फार तर उसन्या आठवणीला धक्का बसेल, आणि आम्हाला तेवढाच हवा आहे.

२३ जून

आजचा संपूर्ण दिवस पंडित रविशंकर यांच्या वादनावर गेला आणि वादही झाला.

शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास, पाऊस सुरू असताना, रविशंकर यांनी वादन केले. तबल्यावर उस्ताद अल्ला रखा आणि तानपुऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. प्रथम राग पूरिया धनाश्री, मग झपतालातील तबल्याचे एकल वादन, आणि शेवटी मांज खमाज, असा क्रम होता. पूरिया धनाश्री हा संधिप्रकाश राग आहे. कोमल ऋषभ, कोमल धैवत आणि तीव्र मध्यम घेऊन तो मावळतीच्या वेळेला उभा राहतो. ऑगस्टच्या मध्याला त्या भागात सूर्य आठच्या आत मावळतो, म्हणजे राग सुरू झाला तेव्हा त्याची वेळ टळून गेली होती. मग आम्ही तो कधी ऐकवायचा? आमच्या नियमाप्रमाणे रात्री दहाला, आणि रागाच्या नियमाप्रमाणे सूर्यास्ताला. गटातील शास्त्रीय संगीत शिकलेल्या दोघांनी सूर्यास्ताचा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे असे की रागाची वेळ हा त्याचा भाग आहे, महोत्सवाचा उशीर हा अपघात. मला तो अपघातच महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री भिजत बसलेल्या लोकांनी हा राग ऐकला तो अंधारात, त्यामुळे दहा हीच वेळ कायम ठेवली आहे. आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे पुस्तिकेत त्यांच्या शब्दांत येईल.

येथे माँटेरीची तुलना केल्यावाचून राहवत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरी पॉप महोत्सवात १८ जून १९६७ रोजी, रविवारी दुपारी, रविशंकर यांनी भीमपलासी वाजवला होता. भीमपलासी दुपारचाच राग, त्यामुळे तेथे वेळ साधली गेली होती. त्या महोत्सवावरील चित्रपट मात्र त्यांच्या वादनाने संपतो. हेंड्रिक्स यांनी गिटार पेटवली ती त्याच रात्री, म्हणजे वादनानंतर. चित्रपटात ती घटना आधी येऊन जाते आणि सतारतबल्याची द्रुत तीनतालातील धून कळसाला ठेवलेली आहे. श्रेयनामावलीत तर त्या धुनेलाच भीमपलासी म्हटले आहे. परिणामी माँटेरी म्हटले की असंख्य पाश्चात्त्य रसिकांना शेवटी सतार ऐकू येते, तीही टाळ्यांच्या कडकडाटात. उलट वूडस्टॉकच्या तीन तबकड्यांच्या संचात रविशंकर नाहीत, आणि वूडस्टॉक म्हटल्यावर सतार फारशी कोणाला आठवत नाही. कलावंत तेच, साथीला अल्ला रखाच, वाद्यही तेच. एका ठिकाणी संकलकाने शेवटचे स्थान दिले, दुसऱ्या ठिकाणी जागाच मिळाली नाही.

स्वतः रविशंकर यांच्या मनात वूडस्टॉकची आठवण कडवट होती. चिखलात लोळणारी ती गर्दी पाहून आपल्याकडच्या डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी डोळ्यांपुढे आल्या, अशा अर्थाचे त्यांनी पुढे आत्मकथनात लिहिले आहे.

४ जुलै

सँटानाची नोंद आटोपती घेतो. शनिवारी दुपारी हा वाद्यवृंद रंगमंचावर आला तेव्हा त्यांची पहिली तबकडी बाजारात आलेली नव्हती. ती महिनाअखेरीस निघाली. म्हणजे श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या मनात ‘सोल सॅक्रिफाइस’ची पूर्वीची कसलीही आठवण नव्हती. ड्रमवादक मायकेल श्रीव्ह तेव्हा २० वर्षांचे होते. आज हे वादन महोत्सवाची खूण झाले आहे, पण त्या दुपारी ते अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांसमोर वाजवलेले संगीत होते. सत्रात ते शनिवारी दुपारी दोनला लागेल.

१० जुलै

‘क्रीडन्स क्लियरवॉटर रिव्हायव्हल’ या वाद्यवृंदाचे प्रकरण नेमके उलटे आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील सर्वाधिक लोकप्रिय वाद्यवृंदांत त्यांची गणना होत होती. ‘ग्रेटफुल डेड’चे तांत्रिक अडचणींनी रेंगाळलेले वादन संपल्यावर, शनिवारची मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्यांची पाळी आली. त्यांचे गायक जॉन फोगर्टी यांना ते सादरीकरण पसंत पडले नाही आणि त्यांनी चित्रपटाला व तबकड्यांना परवानगी दिली नाही. संपूर्ण कार्यक्रम स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला तो २०१९ मध्ये, अर्धे शतक लोटल्यावर. मधल्या काळात हा वाद्यवृंद वूडस्टॉकला होता हेच अनेक रसिकांना ठाऊक नव्हते, आणि आज फिती ऐकल्यावर नापसंतीचे कारण मला तरी सापडत नाही. गाणी घट्ट बांधलेली आहेत, आवाज खणखणीत आहे.

त्यांची तीन गाणी शनिवारी रात्री साडेबाराला ठेवली आहेत. कसोटी म्हणून यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही: गाणी सर्वांच्या ओळखीची, पण महोत्सवाशी त्यांची सांगड कोणाच्याही मनात नाही.

१८ जुलै

पुस्तिकेत परिशिष्ट जोडायचे ठरले आहे. महोत्सवाच्या आठवणी जागवणारी काही ठळक गाणी अशी आहेत की जी महोत्सवात गायलीच गेली नाहीत, कारण ती त्यानंतर लिहिली गेली. अशी तीन गाणी आम्ही घेतली.

पहिले गायिका जोनी मिचेल यांचे, ज्याचे नावच ‘वूडस्टॉक’ आहे. मिचेल तेथे गेल्या नव्हत्या. डिक कॅव्हेट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला त्यांना वेळेवर पोचता यावे म्हणून व्यवस्थापकाने त्यांना न्यूयॉर्क शहरातच थांबवून घेतले, आणि हॉटेलातल्या दूरचित्रवाणी संचावर बातम्या पाहत त्यांनी ते लिहिले. जमावाचा आकडा पाच लाख असल्याचे लोकांच्या तोंडी बसले, त्यात या गाण्याचा वाटा मोठा आहे. अंदाज सहसा चार लाखांहून अधिक असा दिला जातो. न गेलेल्या व्यक्तीने रचलेले हे गाणे ‘क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश आणि यंग’ यांनी १९७० मध्ये गायले, आणि जे गेले होते त्यांनीही ते आपल्या आठवणीचे गाणे म्हणून स्वीकारले. आमच्या प्रश्नाचे याहून नेटके उदाहरण मला ठाऊक नाही. कदाचित दूर राहिल्यामुळेच त्यांना तो जमाव एखाद्या यात्रेसारखा दिसला असेल. चिखलात उभे राहून असे लिहिता आले असते की नाही, याची मला शंका आहे.

दुसरे गायिका मेलनी यांचे ‘ले डाउन’. शुक्रवारी रात्री पावसात त्या एकट्या गिटार घेऊन उभ्या असताना समोरच्या उतारावर लोकांनी मेणबत्त्या पेटवल्या. त्यावरून लिहिलेले हे गाणे त्यांनी एडविन हॉकिन्स यांच्या गायकवृंदासह मुद्रित केले आणि ते १९७० मध्ये अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोचले. येथे आठवण रंगमंचावरून समोर पाहणाऱ्याची आहे. तिसरे फोगर्टी यांचे ‘हूल स्टॉप द रेन’, जानेवारी १९७० मधले. व्हिएतनाम युद्धाच्या संदर्भात ते अनेकदा वाचले जाते. स्वतः फोगर्टी यांनी मात्र पुढे एका कार्यक्रमात श्रोत्यांना सांगितले की वूडस्टॉकहून परतल्यावर आपण ते लिहिले. ज्याने आपले तेथील गायन त्या चित्रपटापासून आणि तबकड्यांपासून दूर ठेवले, त्याने त्या पावसाचे गाणे मात्र वर्षभराच्या आत सर्वांच्या ओठी दिले.

२९ जुलै

वेळापत्रक छापून आले. शुक्रवारी सायंकाळी ५ आणि रात्री १०, शनिवारी दुपारी २ आणि रात्री १२.३०, रविवारी पहाटे ५ आणि दुपारी २, सोमवारी सकाळी ९. ज्यांना सर्व वेळा जमणार नाहीत त्यांनी किमान दोन निवडाव्यात, अशी विनंती केली आहे.

१६ ऑगस्ट

कालची दोन्ही सत्रे पार पडली. हेवन्स यांच्या ‘फ्रीडम’ला अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सर्वांनी घामाने भिजलेला अंगरखा आणि गिटारवर आपटणारा हात लिहिला. चित्रपटातील ते जवळून घेतलेले दृश्य इतके ठसलेले आहे की सायंकाळचे पाच वाजले असल्याचा कोणावर काहीच परिणाम झाला नाही. आमच्या पद्धतीचे हे पहिले अपयश म्हणायला हरकत नाही.

रात्री दहाचा पूरिया धनाश्री मात्र वेगळा ठरला. कोणाच्याही कागदावर वूडस्टॉक उतरले नाही. ज्यांना राग ओळखता येतो त्यांनी दुसऱ्याच मैफलींच्या आठवणी लिहिल्या. ज्यांना ओळखता येत नाही त्यांनी ‘काही आठवले नाही, पण ऐकत राहावेसे वाटले’ अशा आशयाचे लिहिले. रागाला महोत्सवाची पाटी लावणारे चित्र कोणी त्यांना दिलेच नव्हते.

१७ ऑगस्ट

मध्यरात्रीच्या क्रीडन्स सत्राला उपस्थिती बेताची होती. गाणी ओळखली गेली, गुणगुणलीही गेली, पण कागदांवर रस्ता, प्रवास, जुना रेडिओ असेच उल्लेख आहेत. महोत्सव नाही.

पहाटे पाचला ‘द हू’. हा वाद्यवृंद १९६९ मध्येही रविवारी पहाटे पाचलाच उभा राहिला होता आणि ‘सी मी, फील मी’च्या सुमारास सूर्य वर आला. राजकीय कार्यकर्ते अॅबी हॉफमन मध्येच मायक्रोफोन घेऊन बोलू लागले आणि वाद्यवृंदातील गिटारवादक पीट टाउन्सेंड यांनी त्यांना हाकलून लावले, तो प्रसंग चित्रफितीवर नाही, फक्त ध्वनीत आहे. आम्ही तो ऐकवला. आणि येथे प्रथमच कागदांवर निरनिराळी चित्रे आली. कोणी हॉफमन यांना उंच लिहिले, कोणी बुटके. एकाला रंगमंच डावीकडून दिसला, दुसऱ्याला मागून. दाखवलेले चित्र नसल्यामुळे प्रत्येकाने स्वतःचे रचले. पहाटेच्या झोपाळलेल्या अवस्थेचाही यात भाग असावा, कारण रात्रभर जागलेल्या मूळ श्रोत्यांबद्दल एका कागदावर जे लिहिले आहे ते जागरण केलेल्या माणसानेच लिहावे असे आहे.

दुपारी कॉकर. त्यांचे गायन संपताच १९६९ मध्ये वादळ आले आणि कार्यक्रम कित्येक तास थांबला. जमावाने पाऊस थांबावा म्हणून केलेला घोष तबकडीवर स्वतंत्र तुकडा म्हणून आहे. गाण्यापाठोपाठ तोही लावला. कोणी कवी नाही, वाद्ये नाहीत, तरी तो तुकडा सर्वांनी ओळखला.

१८ ऑगस्ट

सकाळी ९ वाजता हेंड्रिक्स. बहुतेक निमंत्रितांना कामावर जायचे असल्याने जेमतेम निम्मी खोली भरली. मुळातही असेच झाले होते: रविवारी रात्री व्हायचा कार्यक्रम लांबत सोमवार सकाळवर गेला आणि तोवर बहुसंख्य लोक परतीच्या वाटेला लागले होते. अमेरिकेचे राष्ट्रगीत त्यांनी गिटारवर वाजवले तो क्षण आज संपूर्ण महोत्सवाचे प्रतीक मानला जातो. प्रत्यक्षात तो ऐकणारे थोडे होते, आणि राष्ट्रगीत तेथे पहिल्यांदा वाजवले गेले असेही नाही, कारण त्याआधीच्या वर्षभरात त्यांनी ते इतरत्र वाजवले होते. चित्रपटातही त्या वेळचे कचऱ्याने भरलेले ओकेबोके मैदान दिसते. तरीही आमच्या कागदांवर पुन्हा लाखोंची गर्दी उतरली. एकाच श्रोत्याने, तेही उशिरा पोचलेल्या, लिहिले की रिकाम्या खुर्च्यांमुळे आज पहिल्यांदा त्या वादनातला एकटेपणा कानाला जाणवला.

२५ ऑगस्ट

सर्व कागद वाचून झाले. माझा मूळ अंदाज टिकला, पण त्याला एक जोड द्यावी लागते. चित्रपटाने घट्ट धरलेल्या गाण्यांवर वेळ जुळवण्याचा परिणाम झाला नाही. ज्यांना चित्र मिळाले नव्हते त्या गाण्यांवरच तो झाला, आणि तेथेही महोत्सव परत आला नाही, तर ऐकणाऱ्याने तो नव्याने कल्पिला. एका सहकाऱ्याचा यावर आक्षेप आहे की एवढ्या थोड्या कागदांवरून असे विधान करू नये. तो आक्षेप पुस्तिकेत विधानाच्या शेजारीच छापला जाईल.

पुस्तिकेतील मांडणी ठरली. प्रत्येक गाण्याखाली ते कोणत्या वारी आणि वेळी गायले गेले, कोणत्या साली लोकांपर्यंत पोचले, आणि आमच्या श्रोत्यांनी ते प्रथम कशावर ऐकले, एवढेच येईल. मिचेल यांच्या गाण्याखाली वार आणि वेळेच्या जागी हॉटेलाचा उल्लेख राहील. छायाचित्रे घ्यावीत की नाहीत यावर मत पडले असता गटाने ती न घेण्याचे ठरवले; मुखपृष्ठावर केवळ वेळापत्रक असेल.